हलणाऱ्या चित्रांमागचा हिशोब

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या चाळीतल्या एक ताई घरी आल्या. महानगरपालिकेत सफाई कामगार आहेत. नवरा गेल्यावर वारसा हक्काने नोकरी लागली आणि त्या नोकरीवर त्यांनी दोन मुले वाढवली. थोरली लग्न होऊन गेली. धाकटा यंदा बारावी कॉमर्स झाला. ताईंच्या हातात एक गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक होते आणि सोबत पतपेढीच्या कर्जाचा कोरा अर्ज. त्या म्हणाल्या, "जयभीम भाऊ. एवढा अर्ज भरून द्या आणि जामीन म्हणून सही करा. पोराला ॲनिमेशनला घालायचंय. परवापर्यंत पैसे भरले नाहीत तर सीट जाईल म्हणतात."

मी कारकून माणूस. अर्ज भरणे हा माझा धंदाच. पण रकमेचा रकाना पाहिला आणि पेन खाली ठेवले. तीन लाख साठ हजार रुपये! मी मुलाला विचारले, "बाळा, ॲनिमेशन म्हणजे नेमके काय करतात रे?" तो म्हणाला, "काका, कार्टून बनवतात. कॉम्प्युटरवर." "कसे बनवतात?" यावर तो गप्प. ताई माझ्याकडे पाहत राहिल्या. खरे सांगायचे तर मलाही तेव्हा त्याच्यापेक्षा फार काही ठाऊक नव्हते. सही न करता मी त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत ग्रंथालयात बसून, या धंद्यातल्या दोघा-तिघांना भेटून आणि सौ.च्या शिव्या खात रात्री जागून जे समजले, ते आज या सदरात मांडतो. अशी माहितीपत्रके आज आपल्या अनेक घरांत येऊन पडली असतील.

प्रथम मूळ गोष्ट. चित्र हलत नाही. ते कधीच हलत नाही. सिनेमात एका सेकंदाला २४ स्थिर चित्रे डोळ्यांपुढून जातात आणि आपला डोळा व मेंदू मिळून त्यांना जोडून घेतात. खऱ्या नटाचे चित्रण करताना ती २४ चित्रे कॅमेरा आपोआप टिपतो. कार्टूनमध्ये नट नसतो, म्हणून ती चित्रे कोणीतरी काढावी लागतात. बहुधा एकच चित्र दोनदा दाखवून काम भागवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. एका मिनिटाला ७२०. हे झाले एका पात्राचे. पडद्यावर तीन पात्रे एकाच वेळी हलत असतील तर तिप्पट धरा. वॉल्ट डिस्नेचा 'स्नो व्हाइट' हा १९३७ सालचा चित्रपट ८३ मिनिटांचा आहे. त्याच्या चौकटींचा गुणाकार मी कॅल्क्युलेटरवर केला, तो एक लाख वीस हजारांच्या घरात गेला. आपण पोरांना गप्प बसवायला कार्टून लावून देतो, पण त्यामागे एवढी मजुरी असते.

मजुरी हा शब्द मी मुद्दाम वापरला. कागदावर हाताने चित्रे काढण्याच्या काळात कामाची रीत अशी होती. आधी कथा. मग कथेचे लहान लहान चौकोनात काढलेले चित्ररूप, ज्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. भिंतीवर टाचण्यांनी लावलेले ते चौकोन पाहूनच चित्रपट जमतो की नाही ते ठरते. न जमलेला प्रसंग तिथेच काढून टाकतात, कारण पुढे गेल्यावर प्रत्येक सेकंद महाग होतो. मग आवाज. होय, आवाज आधी! मला हे नवीन होते. मला वाटायचे की चित्रे तयार झाल्यावर कोणीतरी बोलत असेल. पण बहुतेक वेळा आधी नटांकडून संवाद बोलून घेतात, कोणत्या चौकटीला कोणते अक्षर येते ते मोजतात आणि त्याप्रमाणे पात्राचे ओठ काढतात.

या मोजणीसाठी एक लांबलचक तक्ता असतो. त्याला एक्स्पोजर शीट किंवा डोप शीट म्हणतात. तो मी पाहिला आणि माझे मन हरखले. अहो, ती तर आमची खतावणी! डावीकडे चौकटीचा क्रमांक, पुढे संवाद, पुढे कोणत्या थरावर कोणते चित्र, शेवटी कॅमेऱ्याची सूचना. एक ओळ चुकली की पुढचे सगळे बिघडते. बी.कॉम. झालेल्या माणसालाही या धंद्यात जागा असावी असे मला त्या दिवशी प्रथमच वाटले. आणि ते खोटेही नाही. मोठ्या स्टुडिओत कामाचे वेळापत्रक आणि खर्च सांभाळणारी माणसे लागतातच.

त्यानंतर खरा चित्रकार बसतो. पण तो सगळी चित्रे काढत नाही. मुख्य मुख्य मुद्रा तेवढ्या काढतो. समजा एक बाई हंडा उचलते आहे. वाकलेली एक, हंड्याला हात लागलेली एक, डोक्यावर ठेवलेली एक. या मुद्रांच्या मधली चित्रे भरण्याचे काम मदतनीसांचे. त्यांच्यानंतर रेषा स्वच्छ करणारे, मग पारदर्शक पत्र्यावर शाईने गिरवणारे, मग पत्रा उलटा करून मागून रंग भरणारे. डिस्नेच्या स्टुडिओत हे गिरवण्याचे आणि रंगवण्याचे खाते म्हणजे बायकांचे खाते होते. शेकडो तरुण मुली पांढरे हातमोजे घालून ओळीने बसत. पात्राला जीव देणारे चित्रकाराचे काम मात्र त्या काळात बहुतेक पुरुषांच्या हाती. कोणी विचार करायचा आणि कोणी आखून दिलेल्या रेषेच्या आत रंग भरायचा, ही वाटणी आपल्या लोकांना नवी नाही. ती अमेरिकेतल्या कार्टूनच्या कारखान्यातही होती हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.

आपल्या देशात हे कधी आले? दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्यांना नाचवून एक लहानसा चित्रपट केला होता. काडी थोडी सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. पण हा धंदा पद्धतशीर शिकवण्याची सोय झाली ती स्वातंत्र्यानंतर, सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये, मुंबईत. तिथे १९५६ साली कार्टून शाखा निघाली आणि डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स नावाचे गृहस्थ आपल्या मुलांना शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली शिकत शिकत या मंडळींनी १९५७ मध्ये पहिला मोठा प्रयत्न केला. त्याचे नाव 'द बनियन डिअर'. आता यातला 'बनियन' म्हणजे वड, आणि वड म्हणजे पाली भाषेत निग्रोध. वाचकांच्या ध्यानात आले असेल. ही आपली निग्रोधमृग जातकाची कथा! राजाच्या उपवनात रोज एका हरणाने चिठ्ठीप्रमाणे मरायला जायचे, गाभण हरिणीची पाळी येते, तिच्या कळपाचा म्होरक्या पाळी बदलायला नकार देतो आणि दुसऱ्या कळपाचा राजा निग्रोध स्वतः जाऊन ओंडक्यावर मान ठेवतो. आपल्या विहारात वर्षावासात ही कथा कितीदा सांगितली जाते. पण भारतातल्या आधुनिक कार्टूनचा श्रीगणेशा म्हणा की प्रारंभ म्हणा, तो तिच्यापासून झाला हे आमच्या विहारात कोणालाच माहीत नव्हते. मलाही नव्हते.

त्याच शाखेत १९५६ मध्ये राम मोहन नावाचा रसायनशास्त्र शिकलेला तरुण लागला. भारतीय ॲनिमेशनचे पितामह म्हणून पुढे त्यांची ओळख झाली, २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये ते गेले. युनिसेफसाठी त्यांनी साकारलेली 'मीना' पुष्कळांना आठवत असेल. शाळेत जायचा हट्ट धरणारी मुलगी, तिचा भाऊ राजू आणि मिठू पोपट. आपल्याकडच्या जिल्हा परिषदांच्या शाळांत मीना-राजू मंच निघाले ते या कार्टूनवरूनच. म्हणजे हे माध्यम फक्त हसवण्यासाठी आहे असे समजू नये. विजया मुळे यांचा १९७४ चा 'एक अनेक और एकता' दूरदर्शनवर पाहिलेली पिढी आज पन्नाशीत आहे आणि अजून तो विसरलेली नाही.

असो. कॉम्प्युटर आल्यावर काय बदलले? १९९५ मध्ये 'टॉय स्टोरी' हा पूर्ण लांबीचा पहिला संगणकी चित्रपट आला आणि कागद मागे पडला. आता पात्र काढत नाहीत, घडवतात. कुंभार मातीचे घडवतो तसे ते संगणकाच्या आत घडवतात. मग त्याच्या आत हाडांचा सांगाडा बसवतात, म्हणजे कोपर कुठे वाकणार, भुवई कुठपर्यंत चढणार ते ठरते. मग त्याला चालवतात, बोलवतात. मग प्रकाश. आणि शेवटी संगणक एकेक चौकट मोजून काढत बसतो. एका चौकटीला काही तासही लागू शकतात. यातले प्रत्येक काम वेगळ्या माणसाचे. म्हणून "मला ॲनिमेशन करायचे आहे" हे वाक्य "मला रेल्वेत काम करायचे आहे" या वाक्यासारखेच आहे. अरे, ड्रायव्हर की टीसी की गँगमन?

ही गोष्ट त्या माहितीपत्रकात कुठेच नव्हती. तिथे होते ते फक्त हसरे चेहरे, चकचकीत संगणक आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स'.

ताई, मुलगा आणि मी, तिघेही त्या संस्थेत गेलो. नाव देत नाही. अशा संस्था गल्लोगल्ली आहेत आणि सगळ्याच वाईट आहेत असेही नाही. थंडगार हॉल, समोर टाय लावलेली मुलगी. बिचारी तीही पगारी नोकर, तिच्यावर माझा राग नाही. मी माझ्या सवयीप्रमाणे कागद मागितले. हा अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा? ती म्हणाली, आमचे स्वतःचे प्रमाणपत्र आहे, इंडस्ट्रीत चालते. महाडीबीटीवर आहे का? म्हणजे काय, तिने विचारले. मधेच सोडला तर पैसे परत मिळतात का? नाही. शिकवणाऱ्यांनी कोणत्या चित्रपटांवर काम केले आहे? सांगते, सर बाहेर गेलेत. मागच्या तुकडीतल्या मुलांनी केलेले काम दाखवा म्हटल्यावर तिने जे दाखवले ते सुंदर होते, पण त्यातले काय मुलांनी केले आणि काय तयार आणले, ते तिला सांगता येईना. शेवटी मी त्या प्लेसमेंट असिस्टन्सवर बोट ठेवले. असिस्टन्स म्हणजे सहाय्य. सहाय्य शंभर टक्के आहे, नोकरी शंभर टक्के आहे असे कुठेच लिहिलेले नाही. कचेरीत वीस वर्षे मसुदे वाचून एवढी तरी नजर येते.

घरी येऊन मी पाटीवर मांडावे तसे मांडले. तीन लाख साठ हजार कर्ज, व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ७,८०० रुपये. पाच वर्षांत परत करायचे ते चार लाख सत्तर हजारांच्या आसपास. या धंद्यात नुकताच लागलेला एक मुलगा मला भेटला होता, त्याचा पगार महिना १५ हजार. हप्ता गेला की उरतात ७,२००. लोकलचा पास, जेवण, रात्री उशीर झाला तर रिक्षा. ताई म्हणाल्या, "हप्ता मी भरीन, त्याच्या पगाराला हात नाही लावणार." मी गप्प झालो. आईच्या या वाक्यावर कोणते गणित चालते?

पण याचा अर्थ त्याला बँकेची परीक्षा द्यायला बसवावे असा नाही. हा सल्ला मी एकदा दिला आहे आणि त्याचे ओझे अजून उतरलेले नाही.

माझा धाकटा भाऊ पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, चौदा एप्रिलचे कापडी फलक. मोजमाप न घेता बाबासाहेबांचा चेहरा तो खडूने आधी असा उतरवायचा की लोक थांबायचे. मी त्याच्या मागे लागलो होतो, टायपिंग शीक, नोकरी बघ, हे हातभर रंगाचे काम काय करतोस? मग फ्लेक्स आला. दोन-तीन वर्षांत ब्रशचा धंदा बसला. त्याच्याबरोबरच्या दोघा पेंटरांनी उसनवारी करून संगणक घेतला, कोरल ड्रॉ शिकले, आज त्यांची स्वतःची फ्लेक्सची दुकाने आहेत. माझ्या भावानेही संगणकासाठी माझ्याकडे पैसे मागितले होते. मी दिले नाहीत. म्हणालो, हे खूळ आहे. आज तो एका कारखान्यात वॉचमन आहे. कधी कधी ड्युटीच्या वहीच्या मागच्या पानावर चेहरे काढतो. मी काही बोलत नाही, तोही बोलत नाही.

म्हणून या मुलाच्या बाबतीत मी 'नको' असे म्हणणार नव्हतो. फक्त दार कोणते, ते पाहायचे होते.

पालकहो, हे नीट वाचा. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आपल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना मिळते, पण ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर शिष्यवृत्ती नाही, तरी फ्रीशिपची सोय आहे. तीही मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच. खासगी संस्थेच्या घरगुती प्रमाणपत्राला यातले काहीही लागू नाही. म्हणजे आपल्या हक्काची सवलत सोडून आपणच कर्ज काढायचे, असा तो व्यवहार होतो. ताईंना हे कोणीच सांगितले नव्हते. सांगणार तरी कोण? ज्याला फी हवी तो शिष्यवृत्ती कशाला सांगेल?

मग मान्यताप्राप्त दारे कोणती? अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, एनआयडी, इथे ॲनिमेशनचे पदवी शिक्षण आहे. मुंबईतच पवईला आयआयटीमध्ये आयडीसी नावाचा डिझाइनचा विभाग आहे, १९६९ पासूनचा. तिथे बारावीनंतर यूसीड नावाच्या परीक्षेने प्रवेश मिळतो. आयआयटी म्हटले की आपली माणसे दबकतात आणि म्हणतात, सायन्स नाही, गणित नाही, कसे होणार? पण या दोन्ही परीक्षांना कॉमर्स आणि आर्ट्सची मुलेही बसू शकतात. परीक्षेत पाहतात ते निरीक्षण, कल्पना आणि चित्रातून विचार मांडता येतो का ते. दोन्ही केंद्राच्या संस्था, त्यामुळे अनुसूचित जातींना १५ टक्के आरक्षण आहे. निवड झालीच तर केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्तीही आहे, तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख. मात्र केंद्राच्या संस्थेला केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो आणि आपल्या बहुतेकांच्या कपाटात असतो तो राज्याच्या नमुन्यातला. बौद्ध धर्मांतरितांना केंद्रात सवलती १९९० पासून आहेत, पण दाखल्यात मूळ जातीचा उल्लेख योग्य नमुन्यात नसेल तर ऐनवेळी पोर बाहेर राहते. सेतू केंद्रात आजच जा. निकाल लागल्यावर धावपळ करून मिळेल या भ्रमात राहू नका. त्या टेबलाच्या पलीकडची बाजू मला चांगली ठाऊक आहे.

या परीक्षा अवघड आहेत आणि जागा थोड्या. खोटे बोलून मी कोणाला झाडावर चढवणार नाही. इंग्रजीची भीती हाही मोठा अडसर. म्हणून दुसरे दार उपयोजित कलेच्या पदवीचे. मुंबईचे सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय त्यात अग्रगण्य. तिथेच शिकलेल्या गीतांजली राव यांचे उदाहरण पाहा. पदवी उपयोजित कलेची, ॲनिमेशन मात्र स्वतः शिकल्या. काड्यापेट्या जमवणाऱ्या एका एकट्या म्हातारीवर 'प्रिंटेड रेनबो' हा लघुपट त्यांनी काढला आणि २००६ मध्ये कान महोत्सवातल्या समीक्षकांच्या विभागात तो पुरस्कार घेऊन आला. फाळक्यांच्या काड्या आणि राव यांच्या काड्यापेट्या. पुढे २०१९ मध्ये त्यांचा 'बॉम्बे रोझ' हा मोठा चित्रपट व्हेनिसला दाखवला गेला, मुंबईच्या रस्त्यावर फुले विकणाऱ्या मुलीचा. दहावीच्या आतली मुले असतील त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा सोडू नयेत. हात बसतो आणि दहावीला वाढीव गुणही मिळतात. बाहेरगावी राहून शिकायचे आणि वसतिगृह मिळाले नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पेडर रोडला पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात २०२५ मध्ये केंद्राने या विषयाची एक नवी संस्थाही सुरू केली आहे, आयआयसीटी. नवीन आहे, तेव्हा फी आणि सवलतीचे कागद स्वतः वाचूनच पाऊल टाकावे.

आणि फुकटचे दार? तेही आहे. ब्लेंडर नावाचे सॉफ्टवेअर कोणालाही पैसे न देता वापरता येते. आपल्या मुलाला वाटले, फुकटचे म्हणजे हलके असणार. मी त्याला सांगितले की लाटव्हिया नावाच्या चिमुकल्या देशातल्या गिंट्स झिल्बालोडिस या तरुणाने याच सॉफ्टवेअरवर 'फ्लो' हा चित्रपट केला. पुराच्या पाण्यात वाहत चाललेले एक मांजर, एकही संवाद नाही. २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले, मोठमोठ्या कंपन्यांना मागे टाकून. अर्थात त्याच्याबरोबर काही देशांतली मंडळी होती, पैसाही उभा केला होता. घरी बसून एकट्याने ऑस्कर मिळत नाही. पण शिकायला पैसे पडत नाहीत, एवढे त्यावरून निश्चित. बरा संगणक मात्र लागतो. तीन लाख साठ हजारांच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यात तो येतो.

धंद्याची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे बाहेर देशांचे काम फार येते. कथा तिकडची, पात्र तिकडचे, आणि नटाच्या मागची तार पुसणे, कडा कापणे असली किचकट कामे इकडे. पुन्हा तीच वाटणी, पाहा. २०१३ मध्ये 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ जिवंत करणारी रिदम अँड ह्यूज ही कंपनी ऑस्कर मिळण्याच्या काही दिवस आधी दिवाळखोरीत गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही फ्रेंच कंपनी कोसळली आणि बंगळूर-मुंबईतली हजारो माणसे एका फटक्यात घरी बसली. आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. कडा कापण्याचे काम तीच करू लागली आहे. फ्लेक्सने ब्रशला केले तेच पुन्हा होते आहे. मी ज्यांना भेटलो त्यातला एक दाढीवाला गृहस्थ म्हणाला, "बटण शिकून येणारी पोरे पहिली जातील. माणूस कसा चालतो, थकल्यावर खांदे कसे पडतात, हे ज्याला दिसते तो टिकेल." मला ते पटले, कारण माझ्या भावाला ते दिसायचे. फक्त त्याच्याकडे बटण नव्हते. दोन्ही लागते.

मग आम्ही एक प्रयोग केला. आमच्या विहारात रविवारी मुलांची अभ्यासिका भरते. कचेरीतले पाठकोरे कागद मी साठवतो. ते चौकोनी कापून गड्ड्या केल्या, एका बाजूने क्लिपा लावल्या. प्रत्येकाने उसळणारा चेंडू काढायचा, एकेका पानावर थोडा थोडा सरकवत, आणि मग पाने अंगठ्याने फर्रकन सोडायची. बहुतेकांचा चेंडू लिफ्टसारखा सरळ वर-खाली गेला. सहावीतल्या एका मुलीचा तेवढा खराखुरा उसळला. तिला विचारले, हे कसे केलेस? ती म्हणाली, "वर गेल्यावर चेंडू हळू होतो ना, म्हणून तिथे जवळ जवळ काढले. खाली जोरात येतो, म्हणून लांब लांब." या धंद्याचा पहिला धडा तिने एका वाक्यात सांगितला होता! दुसरा धडा, जमिनीवर आपटताना चेंडू थोडा चपटा काढायचा, तो मी पुस्तकात वाचून सांगितला तेव्हा तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू हे काय सांगायला हवे.

आमचा बारावीवाला मात्र चिडला. त्याचे पात्र काही केल्या चालेना, घसरत होते. त्याला म्हटले, सहा महिने रोज दोन तास हेच कर. फोनवर बोटाने चित्रे काढण्याची फुकट ॲप्स आहेत, त्यावर कर. कॉलेजला नाव घालून ठेव, कॉमर्सची पदवी वाया जात नाही, मीच पुरावा आहे. पुढच्या परीक्षांचे अर्ज मी भरून देतो. सहा महिन्यांनी हात दुखला पण कंटाळा आला नाही, तर कर्जाच्या अर्जावर जामीन म्हणून पहिली सही माझी; पण मान्यताप्राप्त संस्थेसाठी. आणि कंटाळा आला तर तीन लाख साठ हजार वाचले. ताईंना हे फारसे पटले नाही. चार दिवस त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. संस्थेतून रोज फोन येत होते, शेवटची एक सीट उरली आहे म्हणून. गंमत म्हणजे ती शेवटची सीट तीन आठवडे उरलेलीच होती.

परवाच्या रविवारी मुलगा गड्डी घेऊन आला. त्याने चेंडू सोडून रस्ता झाडणारी बाई काढली होती. साडीचा पदर खोचलेला, लांब दांड्याचा झाडू, चोवीस पाने. सोडून दाखवली तर बाई खरोखर झाडत होती. आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात, तेवढ्यात ताई ड्युटीवरून थेट विहारात आल्या. त्यांनी गड्डी घेतली, दोनदा सोडून पाहिली.

"झाडू असा नाही धरत रे," त्या म्हणाल्या. "वरचा हात नुसता टेकवायचा. जोर खालच्या मनगटात. आणि दर चार फेऱ्यांनंतर कंबर सरळ करावी लागते."

त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि विहाराच्या व्हरांड्यात करून दाखवू लागल्या. मुलाने कोऱ्या कागदांची दुसरी गड्डी ओढली आणि आईच्या मनगटाकडे बघत पहिल्या पानापासून पुन्हा काढायला बसला.